मलमपट्टी

आपल्या भाषेने मलमपट्टीवर मोठा अन्याय केला आहे. एखाद्या सरकारी योजनेने मूळ दुखण्याला हात न घालता वरवर काही केल्यासारखे दाखविले, की आपले अग्रलेखकार तिला ‘निव्वळ मलमपट्टी’ म्हणून मोकळे होतात, आणि वाचकही त्या शब्दातील तुच्छता बिनतक्रार स्वीकारतो. परंतु ज्याने सहा-सहा महिने न भरणाऱ्या जखमेची पट्टी दिवसाआड सोडली आहे, ती धुतली आहे, तिच्या कडेचे काळे पडलेले कातडे चिमट्याने उचलून कापले आहे आणि पुन्हा पट्टी बांधून ‘परवा या’ असे सांगितले आहे, त्याची जीभ हा वाक्प्रचार वापरताना अडखळल्यावाचून राहणार नाही. कारण अशा जखमेत मलमपट्टी हाच मूळ इलाज असतो आणि बाकी सर्व त्याचा परिवार. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत अमरावती-अकोल्याच्या मुलखात हा इलाज एकाएकी खंडित झाला, त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. श्वासासाठी तडफडणाऱ्यांच्या कथा त्या काळात पुष्कळ लिहिल्या गेल्या, आणि लिहिल्या जायलाच हव्या होत्या. पट्टीसाठी खोळंबलेल्यांकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

वऱ्हाडातील मोठ्या दवाखान्यांना लोकांनी दिलेली नावे कागदोपत्रीच्या नावांहून अधिक टिकाऊ आहेत. अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय म्हणजे ‘इर्विन’, स्त्रियांचे ते ‘डफरीन’, आणि अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले ते ‘सर्वोपचार’. व्हाइसरॉय गेले, त्यांच्या पत्नी गेल्या, राज्यही गेले, तरी दर्यापूर-अंजनगावचा शेतकरी अजून ‘इर्विनले नेलं’ असेच म्हणतो. अशा कोणत्याही दवाखान्यात शल्यचिकित्सा विभागाच्या टोकाला एक खोली असते. तिच्या दारावर ‘ड्रेसिंग रूम’ अशी पाटी असो वा नसो, औषधी द्रावणाचा आणि कुजक्या मांसाचा मिश्र वास तिचा पत्ता सांगतो. तिच्याबाहेरच्या बाकावर बसलेली माणसे हा या प्रदेशाचा एक प्रकारचा भूगोलच होय. कपाशी निघाल्यावर वावरात उभे राहिलेले पऱ्हाटीचे खुंट अनवाणी तळव्यात घुसून झालेली जखम, मे महिन्यात तापलेल्या डांबरावर चप्पल निसटली तरी न कळलेला पोळा, धुऱ्यावर सापाने डसल्यानंतर जीव वाचला पण पोटरीचे मांस गळून पडले ती जखम, आयुष्यभर हॉटेलच्या भट्टीपुढे किंवा वर्गात फळ्यापुढे उभे राहिलेल्यांच्या घोट्याजवळचे अशुद्ध रक्ताचे व्रण, झाडावरून पडून कमरेखाली लुळ्या झालेल्या तरुणाच्या माकडहाडावरची अंथरूणजखम, कुष्ठरोग पूर्ण बरा होऊनही बधिर राहिलेल्या पावलाचे भोक, आणि या सर्वांहून संख्येने अधिक, साखरेच्या रोग्यांचे पाय.

जखम भरून येणे ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरतो, की ती कशी भरते याचा विचार ती न भरल्यावरच सुचतो. कापले की प्रथम रक्त गोठते. मग त्या जागी सूज व उष्णता येते, म्हणजे शरीराचे सफाई खाते कामाला लागते आणि मेलेले पेशीजाल व जंतू यांचा निकाल लावते. मग तळातून लाल, दाणेदार, हात लागताच रक्ताळणारे नवे मांस वर येते आणि कडेची त्वचा त्यावर हळूहळू सरकते. आणि शेवटी तो वण महिनोगणती घट्ट होत राहतो. सुश्रुताने व्रणाच्या चिकित्सेचे साठ उपक्रम सांगितले आणि भरणारा ‘शुद्ध व्रण’ व न भरणारा ‘दुष्ट व्रण’ असा भेद केला. आजचा शल्यचिकित्सक त्याच भेदाला निराळ्या शब्दांत मांडतो, एवढेच: दुष्ट व्रण दुसऱ्या पायरीवर अडकलेला असतो. सफाई संपतच नाही, जंतू चिकट थर करून राहतात, रक्तपुरवठा अपुरा पडतो, साखर वाढलेली असते, आणि विशेष म्हणजे जखमी जागेवर पुन्हा पुन्हा भार पडत राहतो. चार-सहा आठवड्यांत जी जखम भरण्याच्या मार्गाला लागत नाही, तिला जुनाट म्हणावयाचे, असा स्थूल संकेत आहे.

यातला भाराचा मुद्दा सामान्य वाचकाने नीट समजून घ्यावा, कारण औषधाच्या दुकानात तो मिळत नाही. मधुमेहात किंवा कुष्ठरोगात पायाच्या संवेदनावाहक नसा मरतात. वेदना ही खरी पहारेकरी. ती गेली की तळव्याखाली भोक पडले तरी माणूस त्याच भोकावर पाय टाकून बाजाराला जाऊन येतो. असा रोगी दवाखान्यात उशिरा येतो याचे कारण अडाणीपणा नव्हे. त्याला दुखतच नाही. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक दोरा तळव्याला टेकवून ‘कळते का?’ असे विचारणे, ही या रोगाची सर्वांत स्वस्त तपासणी आहे. आणि ज्याला कळत नाही, त्याच्या पायाकडे रोज कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेच पाहिजे. मधुमेही माणसाला आयुष्यात केव्हा ना केव्हा पायाला व्रण होण्याचा संभव पाचात एक ते तिनात एक इतका मोठा मानला जातो.

म्हणजे या उपचाराचा प्राण औषधात नाही, शिरस्त्यात आहे. ठरल्या दिवशी यावे, पट्टी सोडावी, जखम मोजावी, मेलेले काढावे, ओल राखावी पण चिखल होऊ देऊ नये, भार काढावा, आणि पुन्हा यावे. वारकऱ्याची वारी चुकू नये तशी ही वारी. आणि महामारीने नेमकी तीच मोडली.

२० मार्च २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णालयांना जी सूचना धाडली, तीत तातडीच्या नसलेल्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यास सांगितले होते. २४ तारखेच्या रात्री देशभर टाळेबंदीचा हुकूम निघाला. त्यात दवाखाने, औषधाची दुकाने, दूध, किराणा यांना मुभा होती. दोन्ही हुकूम आपापल्या जागी रास्त होते. घोटाळा झाला तो वर्गवारीत. प्रशासनाला कामाचे दोनच कप्पे ठाऊक असतात, तातडीचे आणि पुढे ढकलण्याजोगे. आणि जुनाट जखम या दोहोंपैकी कशातच बसत नाही. आजची पट्टी उद्यावर गेली तर कोणी मरत नाही, म्हणून ती तातडीची नव्हे. पण ती सहा आठवडे गेली तर पाय जातो, म्हणून ती ढकलण्याजोगीही नव्हे. जो रोगी मरणार नाही त्याला घरी थांबण्यास सांगणे हे त्या वेळच्या तर्काला धरून होते, त्यातून हे रोगी वृद्ध, मधुमेही, मूत्रपिंडाचे दुखणे असलेले, म्हणजे विषाणूने गाठले तर सर्वांत आधी दगावणारे. त्यांना दवाखान्यात बोलावणेही भयाचे आणि न बोलावणेही भयाचे, अशा पेचात भलेभले डॉक्टर सापडले होते. आपण घरी बसून त्यांना नावे ठेवू नयेत.

अमरावतीत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आणि अकोल्यात ७ एप्रिलला पहिला रुग्ण नोंदला गेला. सुरुवातीला नमुने नागपूरला पाठवावे लागत. अमरावतीचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय कोविडकडे गेले, अकोल्याच्या सर्वोपचारातील खाटा, परिचारिका आणि प्राणवायू यांचा ओघही तिकडे वळला. एसटी बंद झाली. मोटार असलेल्यांना परवाना काढता येत होता, पण पट्टीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसणारा माणूस मोटारीचा नव्हे, एसटीच्या पासाचा असतो. मेळघाटातील धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, तीही घाटातून. तेथून दर तिसऱ्या दिवशी पट्टीला येणे एरवीही दुष्कर, आता ते अशक्यच झाले. २५ मार्चलाच दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली आणि एप्रिलमध्ये ‘ई-संजीवनी’ची घरबसल्या सल्ल्याची सोय सुरू झाली, हे खरे, परंतु खोकल्याचे वर्णन दूरध्वनीवर करता येते, जखमेचे येत नाही. जखम पाहावी लागते, दाबावी लागते, आणि तिचा वास घ्यावा लागतो.

माझे एक मामा दर्यापूर तालुक्यात राहतात. चौदा वर्षांची साखर, आठ एकर वावर, आणि डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाखाली रुपयाएवढी जखम, असा त्यांचा तेव्हाचा ताळेबंद होता. ज्या दवाखान्यात ते जात, तेथली पट्टीची खोली बंद झाल्याचे त्यांना फाटकावर कळले. तिथल्या एका परिचारिकेने मात्र स्वतःचा क्रमांक देऊन सांगितले, की दर सोमवारी आणि गुरुवारी जखमेचा फोटो पाठवा. तिच्या सूचना मी नंतर मामांच्या वहीत वाचल्या. अशी नेमकी भाषा आमच्या साहित्यिकांना साधली तर बरे होईल. फोटो सकाळी अंगणात काढावा, ट्यूबलाइटखाली काढू नये, कारण त्या उजेडात पिवळे पांढरे दिसते आणि काळे जांभळे. शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे, म्हणजे जखम वाढली की आटली ते कळेल. एक लिटर पाणी उकळून त्यात ९ ग्रॅम मीठ घालून निवू द्यावे आणि त्याने धुवावे. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नये, फेस दिसतो म्हणून समाधान वाटते, पण नवे मांस जळते. पट्टी वाळून चिकटली असेल तर ओढू नये, भिजवून सोडावी. काळे दिसले, पिंडरीपर्यंत लाली चढली, हुडहुडी भरली, तर फोटोची वाट न पाहता पाय घेऊन यावे, मग टाळेबंदी असो की काही असो.

पट्टीचे कापड संपले तेव्हा मामीजींनी जुने धोतर फाडले, त्याच्या घड्या स्टीलच्या डब्यात घालून तो डबा कुकरात ठेवला आणि अर्धा तास शिट्ट्या मोजल्या. घरात त्या वेळी कापूस पोटमाळ्यापर्यंत भरलेला होता. खरेदी ठप्प झालेली, गाड्या जिनिंगच्या दारात उभ्या, आणि वऱ्हाडात घरोघर न विकलेल्या कापसाने माणसांना अंग खाजवायला लावलेले. त्यातला मूठभर कापूस जखमेवर ठेवावा असे कोणालाही वाटले असते. पण कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा थर असतो; तो पाण्यावर तरंगतो, पाणी पीत नाही. क्षारात उकळून ते मेण काढावे, तेव्हा दवाखान्याचा कापूस होतो, आणि तोही थेट जखमेवर ठेवत नाहीत, कारण त्याचे तंतू तळाशी रुततात. ज्या मुलखाने साऱ्या हिंदुस्थानाला कापूस पुरविला, तिथल्या कापूस भरलेल्या घरात पट्टीसाठी धोतर फाडावे लागले, ही गोष्ट मला कोणत्याही अर्थशास्त्रीय लेखाहून अधिक बोलकी वाटते.

स्वस्त पट्टीचा शोध घेणारे लोक आपल्याकडे पूर्वीपासून आहेत, आणि त्यांचे स्मरण या काळात अधिक व्हावयास हवे होते. मुंबईच्या वाडिया रुग्णालयात डॉ. केसवानी यांनी भाजलेल्या मुलांसाठी बटाट्याच्या उकडलेल्या सालींची पट्टी वापरली. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची वापरली. सोलापूरच्या वैशंपायन महाविद्यालयातील डॉ. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या जखमांवर मध लावून त्याचे निष्कर्ष १९९१ मध्ये इंग्लंडच्या शल्यचिकित्सेच्या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध केले. या सर्वांमागचे तत्त्व एकच: जखम उघडी ठेवून वाळविण्यापेक्षा ओलसर झाकलेली लवकर भरते. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या कातडीवर हे दाखविले, तोवर ‘हवा लागू द्या, सुकू द्या’ हाच घरोघरचा सल्ला होता; आणि खरे सांगायचे तर आमच्या आळीत तो अजून आहे.

मामांची जखम मेअखेर अर्धी झाली. मग मृग लागला.

पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याला बाजेवर बसविणे हे कोणत्याही परिचारिकेच्या हातचे काम नव्हे. “बापू, मले तं काईच दुखत नाई,” मामा मला फोनवर म्हणाले, “मंग वावरात गेलो तं बिघडलं काय? अन् पाय धरून बसलो तं खाऊ काय, पट्ट्या?” या प्रश्नाला उत्तर देता येईल असे मला वाटले नाही, आणि अजूनही वाटत नाही. सोमवारचा फोटो चुकला, गुरुवारचा चुकला. जुलैत नाण्याशेजारची जखम नाण्याहून मोठी झाली, ऑगस्टमध्ये तिच्या तळाला शोधकांडी लावली असता हाडाचा टणक स्पर्श झाला, आणि पोळा झाल्यावर ते बोट काढावे लागले. पाय वाचला. शल्यचिकित्सक म्हणाले, आणखी पंधरा दिवसांनी आला असतात तर घोट्याच्या वरून बोलणी करावी लागली असती. इटलीतील नेपल्स येथील एका मोठ्या रुग्णालयाने त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, टाळेबंदीच्या महिन्यांत तेथे दाखल झालेल्या मधुमेही पायांच्या रोग्यांत अंगच्छेदाचे प्रमाण आदल्या वर्षाच्या सुमारे तिप्पट झाले होते. नेपल्सला रस्ते चांगले, वाहने पुष्कळ, आणि पेरणीची घाई नाही, तरीही.

हे झाले दवाखान्याबाहेर राहिलेल्यांचे. आत जे गेले त्यांच्या अंगावर दवाखान्याने नव्या जखमा केल्या, आणि हा भाग तर अगदीच दुर्लक्षित आहे. कोविडच्या गंभीर रोग्याला पालथे निजविले की फुप्फुसाच्या मागच्या भागात हवा खेळते, म्हणून त्याला सोळा-सोळा तास पालथे ठेवीत. उताण्या रोग्याला माकडहाड, खांदे आणि टाचा यांवर अंथरूणजखमा होतात हे प्रत्येक परिचारिकेला तोंडपाठ असते. पालथ्या रोग्याला त्या गालावर, हनुवटीवर, कपाळावर आणि गुडघ्यांवर होतात, हे अनेकींना प्रथमच पाहावे लागले. प्राणवायूचा घट्ट मुखवटा दिवसेंदिवस बसविल्याने नाकाच्या दांडीवरचे कातडे जाई. अशा रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलावी हा नियम आहे. पण तो बदलायला चार माणसे लागतात, आणि त्या वॉर्डात एका पाळीला कधी दोनच असत, तीही नखशिखान्त बंद पोशाखात.

त्या पोशाखाबद्दल थोडे अधिक लिहितो. मे २०२० च्या अखेरीस अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. त्या उन्हाळ्यात वातानुकूलन नसलेल्या वॉर्डात सहा-सात तास पीपीई किट घालून वावरणे म्हणजे काय, हे वऱ्हाडी माणसाला सांगावे लागू नये. पण उकाड्याहून मोठी अडचण निराळीच होती. जखमेची परीक्षा तीन इंद्रियांनी होते. डोळ्यांपुढे चष्म्यावर बाष्प धरलेले. बोटांवर हातमोज्यांचे दोन थर, त्यामुळे जखमेच्या कडेचा मऊ भाग आणि टणक भाग यांतला फरक कळेना. आणि नाकावर एन-९५. विशिष्ट जंतूंचा गोडसर वास, आतल्या हाडापर्यंत गेलेल्या कुजण्याचा भपकारा, हे अनुभवी परिचारिकेला दारातूनच कळत असे, ते ज्ञान मुखवट्याने एका झटक्यात हिरावून घेतले. रोग्यालाही वास येत नव्हता, कारण विषाणूने त्याचे घ्राणेंद्रिय बधिर केले होते. म्हणजे सडणाऱ्या जखमेच्या दोन्ही बाजूंस वास न येणारी माणसे! आणि पाळी संपवून पोशाख उतरविणाऱ्या परिचारिकेच्या स्वतःच्या नाकावर, गालफडांवर, कानामागे दाबाने सोललेले कातडे. तिला मलमपट्टी कोण करणार, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

उपचारातच जखमेचे बीज होते, हीदेखील त्या काळची एक गुंतागुंत. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीने डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त स्टेरॉइड प्राणवायूवरील रोग्यांचे प्राण वाचविते असे सिद्ध केले, आणि त्याने असंख्य प्राण वाचविले यात शंका नाही. परंतु स्टेरॉइडने साखर भडकते आणि जखम भरण्याची क्रिया मंदावते. शिवाय हा विषाणू रक्तवाहिन्यांत गुठळ्या करतो, त्यामुळे पायाची बोटे काळी पडलेले रोगी आले, ज्यांना पूर्वी पायाचे कोणतेच दुखणे नव्हते. २०२१ च्या मे महिन्यात काळ्या बुरशीची लाट आली, तिच्या मुळाशीही बहुतांशी हीच जोडी, वाढलेली साखर आणि सढळ स्टेरॉइड. वरचा जबडा, टाळू, कधी डोळा काढावा लागलेल्या त्या रोग्यांचे औषधोपचार महाराष्ट्र शासनाने महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मोफत केले. त्यानंतर महिनोगणती धुवाव्या लागणाऱ्या तोंडातल्या त्या पोकळीसाठी रोज कोणाचा हात लागणार, याची तजवीज योजनेत बसण्याजोगी नव्हती.

त्याआधीच, फेब्रुवारीत, अमरावतीवर दुसरी लाट आली होती. देशाच्या इतर भागांत लोक लग्ने लावीत असताना २२ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री अमरावती आणि अचलपूर ही शहरे पुन्हा बंद झाली. दिवाळीनंतर ज्यांनी धीर करून पट्टीची वारी पुन्हा धरली होती, त्यांची ती तीन महिन्यांतच मोडली, आणि तीही दुसऱ्यांदा.

अशा वेळी मला अमरावतीचे तपोवन आठवते. शिवाजीराव पटवर्धनांनी, म्हणजे आमच्या दाजीसाहेबांनी, १९४६ मध्ये शहराबाहेरच्या उजाड माळावर जगदंबा कुष्ठ निवास उभारले, तेव्हा कुष्ठरोगावर परिणामकारक औषध सार्वत्रिक झालेले नव्हते. होते ते एवढेच: पाणी, तेल, पट्टी आणि न कंटाळणारा हात. अचलपूरजवळच्या कोठारा येथील मिशनचा दवाखाना तर त्याहून जुना. सेवाग्रामात कुष्ठरोगाने पीडित परचुरे शास्त्रींची शुश्रूषा करणाऱ्या गांधीजींचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. छायाचित्रात जे दिसत नाही ते असे, की हे काम दुसऱ्या दिवशीही करावे लागते आणि तिसऱ्या दिवशीही. १९८२ मध्ये बहुविध औषधोपचार आला, रोग बरा होऊ लागला, पण मेलेल्या नसा परत आल्या नाहीत. म्हणून बरे झालेले वृद्ध रोगी आजही रोज पाय भिजवितात, घट्टे खरखरीत दगडाने घासतात, ओल्या कातड्यावर तेल लावतात, आरशात तळवा पाहतात आणि सच्छिद्र मऊ रबराची चप्पल घालतात. (मधुमेही वाचकाने यातले पाहणे आणि चप्पल एवढेच उचलावे, पाय भिजत ठेवणे त्याला अपायकारक ठरू शकते.) टाळेबंदी ही या लोकांना नवी नव्हती. त्यांना एसटीत जागा न देणारा, विहिरीवर न येऊ देणारा समाज कित्येक पिढ्या त्यांच्याभोवती होता, आणि त्या सक्तीच्या एकांतातूनच आपली पट्टी आपण बांधण्याची विद्या त्यांनी कमावली. भार काढण्यासाठी पावलाला प्लास्टरचा साचा घालून चालते ठेवण्याची युक्तीही कुष्ठरोग्यांच्याच पायांवर सिद्ध झाली. मद्रासेत जोसेफ खान यांनी १९३० च्या दशकात ती वापरली, वेल्लोरच्या पॉल ब्रँड यांनी ती पुढे अमेरिकेत नेली, आणि आज जगभरच्या मधुमेही पायांना तीच सर्वोत्तम गणली जाते. ज्यांना आपण गावकुसाबाहेर बसविले, त्यांच्या पायांवर शिकलेली विद्या आता साखरेच्या श्रीमंत रोग्यांचे पाय वाचवीत आहे.

तेव्हा पट्टी घरी बांधता येते, हे खरे. मामीजींनी ते दाखविले, तपोवनाने शिकविले. पण त्यावरून पट्टीची खोली बंद ठेवली तरी चालेल असा निष्कर्ष जर कोणी काढील, तर तो मामांच्या बोटाचा हिशेब विसरतो. घरच्या पट्टीला आठवड्यातून एकदा तरी जाणत्या डोळ्यांची हजेरी लागते, आणि पेरणीला जाणाऱ्याला दरडावण्याचा अधिकार मामीजींना नसतो, तो पांढऱ्या साडीतल्या बाईला असतो. ती खोली चालू ठेवण्यास लागते तरी काय? बाहेर पडवीत सहा फूट अंतरावर मांडलेली चार बाके, वेगळे दार, एक परिचारिका, वॉर्डातला एक मदतनीस ‘मामा’ किंवा ‘मावशी’, आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही तेवढेच.

साथ पुन्हा येईल. १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, मध्यप्रांत-वऱ्हाड हा सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता, आणि मधल्या शंभर वर्षांत आपण ते विसरलो होतो. तेव्हा जिल्हाधिकारी कचेरीत बसून पुढचा हुकूम लिहिणाऱ्या लेखनिकास एक अर्ज आताच करून ठेवतो. अत्यावश्यक सेवांच्या यादीत दूध, किराणा आणि औषधाची दुकाने यांच्या खाली कृपया एक ओळ वाढवावी: पट्टीची खोली चालू राहील.